ताप उतरला म्हणून लगेच बॅग भरू नकोस

तुझा प्रश्न दोनदा वाचला. रविवारी नाशिकला लग्न, सोमवारी सत्यनारायण, मंगळवारी वणीला देवीचं दर्शन, आणि त्याच रात्री बायकोला ताप भरला. तीन दिवस १०२, अंग मोडून आलेलं. आज सकाळी ताप उतरलाय. परवा पहाटे मुंबईहून चेन्नईमार्गे अंदमानचं विमान आहे. आई म्हणते जाऊन या, हवापालट होईल. मामा म्हणतात एवढी महागाची तिकिटं वाया घालवायची का? तुला 'तू' म्हणतेय त्याचा राग मानू नकोस, वयानं तुझी मावशी शोभेन.

आधी कामाचं. उठ आणि तिला डॉक्टरांकडे घेऊन जा. आजच सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी, आणि डेंग्यूची तपासणी करून घ्या. रिपोर्ट बहुतेक संध्याकाळपर्यंत हातात पडतात. ताप उतरला म्हणून तुला हायसं वाटतंय ना, मला नेमकं तिथंच खटकतंय. डेंग्यूचा ताप साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात उतरतो आणि खरा धोक्याचा काळ त्यानंतरचे एक-दोन दिवस असतो. प्लेटलेट्स तेव्हाच घसरतात आणि रक्तातलं पाणी शिरांमधून बाहेर झिरपायला लागतं. पोटात जोरात दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणं, माणूस एकदम गळून जाणं, ही त्याची लक्षणं. तुमच्या हिशोबानं ते दिवस नेमके विमानात आणि बोटीवर जाणार आहेत. रिपोर्ट येईपर्यंत अंगदुखीला फक्त पॅरासिटामॉल. ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, अ‍ॅस्पिरिन यातलं काहीही घरच्या डब्यातून काढून देऊ नकोस, रक्तस्रावाचा धोका वाढतो.

डेंग्यू निघाला तर विषय संपला, जायचं नाही. अंदमानातल्या हॅवलॉक बेटावर, म्हणजे आता ज्याला स्वराज द्वीप म्हणतात तिथं, प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. मोठं सरकारी रुग्णालय, जी. बी. पंत, हे पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आताच्या श्री विजय पुरमला. मध्ये समुद्र. प्रवासी बोटी दिवसाच्या. रात्री अकराला काही झालं तर नाशिकसारखं रिक्षा बोलावून दवाखान्यात जाता येत नाही. डॉक्टरांकडून तसं पत्र घ्या, हॉटेलला फोन करा आणि रद्द करायच्या आधी तारीख पुढे ढकलून मागा. विमानाचंही तेच: रद्द करण्यापेक्षा तारीख बदलणं स्वस्त पडतं का, ते आधी विचार.

साधा व्हायरल आहे असं डॉक्टर म्हणाले, तर मात्र जा. आम्ही गेलो होतो, दोघंही आजारी.

२०११ चा डिसेंबर. ठरवून केलेलं लग्न. त्याआधी आम्ही चार-पाचदा भेटलेलो, त्यातही दोनदा आत्या बरोबर. हळदीला भल्या पहाटे ओल्या अंगानं पाटावर बसवलं, नाशिकची थंडी तुला सांगायला नको. सर्दीनं नाक गच्च. त्यात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या चालू होत्या, सत्यनारायणात अडचण नको म्हणून. दिवसभर मळमळ त्या गोळ्यांची. नवऱ्याचं पोट लग्नाच्या पंगतीपासून बिघडलेलं. पण त्याचं मला माहीत नव्हतं आणि माझं त्याला. सून आल्या आल्या आजारी पडली असं व्हायला नको म्हणून मी गप्प. आणि हनिमूनला निघालेल्या माणसानं आठ दिवसांच्या बायकोला जुलाब होतायत हे सांगायचं कसं, म्हणून तो गप्प. कसारा घाटाच्या आसपास त्यानं दोनदा गाडी थांबवायला लावली, चहा प्यायचाय म्हणून. चहा काही प्याला नाही. माझ्या तरी डोक्यात प्रकाश पडला नाही.

चेन्नईला विमान खाली यायला लागलं तसं माझ्या कानात कोणी दाभण खुपसतंय असं वाटलं. डोळ्यांतून पाणी यायला लागलं म्हणून मी खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याला वाटलं, माहेरची आठवण येतेय. हातावर थोपटत राहिला बिचारा.

हॅवलॉकच्या पहिल्या रात्री मला ताप चढला. बाथरूममध्ये जाऊन गोळी घ्यायची होती, पण हातात हिरवा चुडा. कूस बदलली तरी आवाज. मी एकेक बांगडी कोपराकडे सरकवली, वरून ओढणी घट्ट गुंडाळली आणि अंधारात चोरासारखी पाय न वाजवता निघाले. दार ढकललं तर आतून आवाज आला, "आहे मी." बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक, हातात कुठल्याशा गोळ्यांची रिकामी पट्टी. मी ओढणी गुंडाळलेला हात पुढे धरून उभी. त्यानं विचारलं, "हाताला काय झालं?" मी म्हटलं, "हाताला काही नाही, ताप आहे." तो म्हणाला, "मला तर नाशिकपासून लागलेत." मग आम्ही पलंगाच्या कडेला बसून इतके हसलो की त्याला पुन्हा आत पळावं लागलं.

त्यानंतर सगळं सोपं झालं. स्कूबाचे आगाऊ दिलेले पैसे बुडाले, बुडू दिले. तीन दिवस व्हरांड्यात वेताच्या खुर्च्या टाकून पडून होतो. स्वयंपाकघरात एक बंगाली काकू होत्या, फाळणीनंतर पूर्व बंगालमधून तिकडे वसवलेल्यांपैकी एका घरातल्या. त्यांनी न सांगता आमचं ताट बदललं: गिचका मऊ भात, मीठ, वर लिंबू पिळलेलं. सासूबाईंनी दिलेला डबाभर चिवडा आम्हाला बघवेना, तो काकूंनी तीन दिवसांत संपवला आणि निघताना "आणखी पाठवा" म्हणाल्या. राधानगरचा किनारा फक्त एकदाच पाहिला, शेवटच्या संध्याकाळी. डिसेंबरात तिकडे पाचच्या सुमारास सूर्य बुडतो, आपल्या सवयीनं सहाला पोचलात तर अंधार बघाल. परतताना पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेल. नवरा भगूरचा, सावरकरांच्या गावचा, ते चुकवणं शक्यच नव्हतं. सातांपैकी तीनच इमारती उरल्यात, आणि तात्यारावांची कोठडी वरच्या मजल्यावर. प्रत्येक जिन्यावर बसत, ओआरएसचे घोट घेत आम्ही तिथवर चढलो. आधीच्या पानभर यादीतलं बाकी काहीच झालं नाही.

आता तुमच्यासाठी फुटकळ सूचना, जशा आठवतील तशा.

सर्दी असेल तर स्कूबा नाहीच. पाण्याखाली कानावरचा दाब उतरवता आला नाही तर पडदा फाटू शकतो. नाकात औषध मारून उतरलं तर खाली असतानाच त्याचा असर संपतो, आणि मग वर येताना पंचाईत. एजंट म्हणेल काही होत नाही, त्याचं ऐकू नकोस. बरे होऊन केलंच, तर परतीच्या विमानाआधी किमान १८ तास मध्ये ठेवा, म्हणजे शेवटचा दिवस स्कूबाला देऊ नका. विमान उतरायच्या आधी अर्धा तास नाकाचा स्प्रे मारायचा, डॉक्टरांना विचारून, आणि उतरताना झोपू द्यायचं नाही. गिळत राहायचं, गोळी चघळायची.

ओआरएसचं मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्धं पेल्यात, अर्धं उद्या, असं करू नका. दुकानात तशीच दिसणारी गोड पेयं असतात, त्यांच्या नादी लागू नका. सापुताऱ्याच्या घाटात ज्याला ओकारी येते त्यानं बोटीच्या आधी तासभर अवोमिन घ्यावी, झोप येईल ती येऊ द्यावी. डॉक्टरांनी डॉक्सीसायक्लिन दिली असेल तर उन्हात जपा, त्या गोळीनं कातडी पटकन भाजते.

आणि एक, लिहायला लाजायचं माझं वय गेलं. पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या तिनंही घेतल्या असतील तर बंद केल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते, म्हणजे कदाचित प्रवासातच. सामान बरोबर असू दे, तिकडे आयत्या वेळी दुकान शोधत फिरायला लागू नये. नव्या लग्नात लघवीची जळजळ बायकांना फार होते. संबंधानंतर लघवीला जाणं आणि भरपूर पाणी, हे दोघांनीही माहीत करून घ्या. जळजळीबरोबर ताप किंवा कंबरदुखी आली तर थांबायचं नाही, आरोग्य केंद्रात जायचं. जुलाबात रक्त दिसलं किंवा सहा-आठ तास लघवीच झाली नाही तरीही तेच.

मुंबईपर्यंत पहाटेचा प्रवास टाळता आला तर टाळ. आदल्या दुपारी निघा, कुणा नातेवाइकाकडे रात्र काढा. रात्री दोनला उठून थंडीत गाडीत बसणं आत्ता तिला परवडणारं नाही.

तुझ्या प्रश्नात आई काय म्हणते ते आहे, मामा काय म्हणतात ते आहे, हॉटेलवाला काय म्हणाला तेही आहे. ती काय म्हणते ते कुठंच नाही. खोलीचं दार लावून विचार, आणि "मी ठीक आहे" असं पहिल्या झटक्यात म्हणाली तर पुन्हा विचार. मीही तेच म्हणत होते.

संध्याकाळी रिपोर्ट आला की प्लेटलेट्सचा आकडा लिही, नुसतं 'नॉर्मल आहे' नको. मी जागी आहे.