कोचचा मेसेज येतो, पण पाय निघत नाही

या वेळी आलेले बहुतेक प्रश्न फिटनेस ॲप आणि त्यातल्या पर्सनल कोचबद्दलचे होते. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : दोन-तीन आठवडे रोज दहा हजार पावलं होतात. मग एखादं लग्न येतं, गावाला जाणं होतं, की स्ट्रीक (सलग दिवसांची मोजणी) तुटते आणि नंतर ॲप उघडावंसंच वाटत नाही. निग्रह कमी पडतो का? (वाचक, नाशिक)

उत्तर : निग्रहाकडे नंतर बघू, आधी टार्गेट बघा. 10,000 हा आकडा वैद्यकातून आलेला नाही. टोकियो ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी, 1965 मध्ये, यामासा या जपानी कंपनीने पावलं मोजणारं यंत्र विकायला आणलं, तेव्हापासून तो रूढ झाला. अमेरिकेतल्या वयस्क स्त्रियांच्या 2019 च्या एका अभ्यासात दिवसाला सुमारे 2,700 पावलं चालणाऱ्यांपेक्षा 4,400 पावलं चालणाऱ्यांचं मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं आणि 7,500 च्या आसपास हा फायदा स्थिरावला. तेव्हा साडेसात हजारांवर थांबलात म्हणून स्वतःला नापास ठरवू नका.

ॲपमधून मागच्या दोन आठवड्यांची सरासरी काढा. फुकट गेलेले दिवसही त्यात धरा. ती 4,200 आली, तर टार्गेट 5,200 ठेवा. दोन आठवडे जमलं की पाचशे-हजार वाढवा. रोजच्याऐवजी आठवड्याचं टार्गेट लावता येत असेल तर फारच उत्तम, कारण मग लग्नाचा दिवस बाकीच्या सहा दिवसांत जिरतो.

आता स्ट्रीक. साठ दिवसांच्या आकड्याचा शून्य झाला की 'गेलं ते गेलं' म्हणून माणूस सगळंच सोडतो. ॲप बनवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, तरी स्ट्रीक ठेवतात, कारण पहिले काही आठवडे ती ॲप रोज उघडायला लावते. अमेरिकेत एका जिम-साखळीच्या 61,293 सभासदांवर प्रोत्साहनाच्या 54 युक्त्या चार-चार आठवडे वापरून पाहिल्या गेल्या. निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाले. सगळ्यांत जास्त उपयोगी ठरली ती साधीच युक्ती : एक खेप चुकल्यावर जो परत येईल त्याला थोडे जादा पॉइंट, किंमत जेमतेम काही सेंट. महिना संपल्यावरही परिणाम टिकला तो मात्र फक्त 8 टक्के युक्त्यांचा. म्हणून नोटिफिकेशनच्या माऱ्यावर फार भिस्त ठेवू नका.

त्यापेक्षा परतीचा दिवस आधीच ठरवून ठेवा. नियम एकच : लागोपाठ दोन दिवस चुकवायचं नाही. चुकलंच, तर दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं, सपाट रस्त्यावर, बस्स. गावाहून आल्या आल्या मागची बाकी फेडायला पंधरा हजार पावलं चालणारे पुष्कळ असतात. पोटऱ्या धरतात, नडगी दुखते आणि आणखी चार दिवस जातात. नोटिफिकेशन एकच ठेवा आणि ती रोज ठरलेल्या कामाला जोडा : मुलांना स्कूलबसला सोडलं की तिथूनच पुढे, किंवा रात्रीचं जेवण आटोपलं की. '21 दिवसांत सवय' या चॅलेंजवरही विसंबू नका. लंडनमधल्या एका पाहणीत सवय अंगवळणी पडायला सरासरी 66 दिवस लागले. कुणाला 18, तर कुणाचा अंदाज 254 पर्यंत गेला.

प्रश्न : पर्सनल कोचचा तीन महिन्यांचा प्लॅन घेतला. चॅटवर 'गुड जॉब', 'कीप गोइंग' एवढंच येतं. पैसे वाया गेले का? (वाचक, पुणे)

उत्तर : कोचला तुमच्याकडून फक्त पावलांचा आकडा मिळत असेल, तर तो दुसरं काय लिहिणार? रविवारी चार ओळी पाठवा. उदाहरणार्थ : 'या आठवड्यात 4 दिवस चाललो, साधारण 25 मिनिटं. मंगळवार-बुधवार चुकले, ऑफिसातून यायलाच साडेआठ झाले. जिना उतरताना उजवा गुडघा दुखतो. पुढच्या मंगळवारीही उशीर होणार, त्या दिवशी घरात करण्यासारखं 15 मिनिटांचं काही द्या.' यावर जो गुडघ्याबद्दल दोन प्रश्न विचारेल आणि मंगळवार बदलून देईल, तो कोच. 'नो एक्स्क्यूजेस!' असं उत्तर आलं तर कोच बदलून मागा. बऱ्याच ॲपमध्ये तशी सोय असते.

पुढच्या वेळी पैसे भरण्याआधी विचारून घ्या : चॅटवर माणूस असतो की बॉट? आठवड्याला कॉल किती आणि किती मिनिटांचा? एका कोचकडे किती जण? आहार सांगणाऱ्याकडे आहारशास्त्राची पदवी आहे का? शेवटच्या प्रश्नाला गोलमोल उत्तर मिळालं, तर तिथून डाएट प्लॅन घेऊ नका.

प्रश्न : बँड रोज 400 कॅलरी जळाल्या म्हणतो, जेवणही ॲपमध्ये नोंदवते, तरी वजन हलत नाही. (वाचक, कोल्हापूर)

उत्तर : दोन्हीकडचा हिशेब कच्चा आहे. स्टॅनफर्डमध्ये 2017 मध्ये मनगटावरची सात यंत्रं तपासली. हृदयाचे ठोके बहुतेकांनी ठीक मोजले, पण कॅलरीत सर्वांत बरं यंत्रही सरासरी 27 टक्के चुकलं. 'जळाल्या' म्हणून तेवढ्या जास्त खाऊ नका. साधारण 65 किलोच्या माणसाचं अर्ध्या तासाचं भरभर चालणं सव्वाशे-दीडशे कॅलरींच्या घरात जातं.

नोंदीत निसटतं ते तेल. ॲपमधली 'एक वाटी उसळ' त्यांच्या ठरीव कृतीची असते, तुमच्या तर्रीची नसते. चार जणांच्या घरात महिन्याला 5 लिटर तेल संपत असेल, तर ते माणशी रोज सुमारे 38 ग्रॅम, म्हणजे 340 कॅलरी. तेलाचा डबा किती दिवस पुरतो ते कोचला कळवा, ताटाच्या फोटोपेक्षा त्याला ते जास्त उपयोगी पडेल.

प्रश्न : बीपीची गोळी चालू आहे. कितीही भरभर चाललो तरी ॲप 'झोन गाठला नाही' म्हणतं. (वाचक, ठाणे)

उत्तर : गोळी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल अशा बीटा ब्लॉकर गटातली असेल, तर ती हृदयाचे ठोके फारसे वाढू देत नाही. ॲपचा झोन, म्हणजे व्यायामात ठोके जिथवर जायला हवेत तो पट्टा, बहुधा '220 वजा वय' यावर बेतलेला असतो. त्याला गोळी ठाऊक नसते. झोनसाठी धावू नका. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा दम लागला की पुरे. गोळीचं नाव कोचला सांगा, मर्यादा डॉक्टरांकडून घ्या. छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर तिथेच थांबून डॉक्टर गाठा.

प्रश्न : ॲप डिलीट केलं, तरी खात्यातून पैसे कापले गेले. (वाचक, पणजी)

उत्तर : ॲप काढल्याने सबस्क्रिप्शन बंद होत नाही. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारून 'पेमेंट्स अँड सबस्क्रिप्शन्स'मध्ये जा आणि तिथून कॅन्सल करा. पैसे थेट ॲपला यूपीआयने दिले असतील, तर ज्या यूपीआय ॲपमधून दिले त्यातल्या 'ऑटोपे'मध्ये जाऊन मँडेट (आपोआप पैसे कापायला दिलेली परवानगी) रद्द करा. नियमानुसार रक्कम कापण्याच्या किमान 24 तास आधी सूचना यायला हवी. बँकेचे एसएमएस तपासा. कॅन्सल केलं तरी भरलेली मुदत संपेपर्यंत प्लॅन बहुधा चालूच राहतो, तेवढ्यात तुमच्या नोंदी एक्स्पोर्ट करून घ्या.