लिथियम बॅटरी पॅक बनवायला कोणता स्पॉट वेल्डर घ्यावा?

तुम्ही लिहिलंय की निपाणीकडच्या गावात फवारणी पंपाच्या बॅटऱ्या लिथियमवर करून द्यायच्या आहेत, आणि घरच्या लाईटवर चालणारा ट्रान्सफॉर्मरवाला स्पॉट वेल्डर, म्हणजे सेलवर निकेलची पट्टी ठिपक्यांनी चिकटवणारं मशीन, स्वस्तात मिळतंय. माझं खानापूर भागात दुरुस्तीचं दुकान आहे. सुरुवात मीही त्याच मशीनवर केली होती, म्हणून सांगतो, थांबा.

मशीन वाईट नाही, आपली लाईट तसली आहे. थ्री फेज आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम चालू होतात आणि व्होल्टेज बसतं. 230 चं 190 झालं तर वेल्डची ताकद जवळजवळ एक तृतीयांश कमी होते, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. सकाळी जमवलेलं सेटिंग दुपारी कच्चं पडतं, रात्री तेच पट्टी जाळतं. वर एमसीबी पडतो तो वेगळाच.

माझं मत कपॅसिटरवाल्याला. तो ॲडॅप्टरवर सावकाश भरतो, ठरलेल्या व्होल्टेजवर थांबतो आणि दर ठोक्याला तेवढीच ऊर्जा सोडतो. कारच्या बॅटरीवर चालणारं मॉसफेट (करंट चालू-बंद करणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) बोर्ड स्वस्त पडतं, पण मॉसफेट गेला की बहुधा शॉर्ट होऊन जातो. पेडलवरून पाय उचलला तरी करंट चालूच! बॅटरीची केबल झटक्यात काढता येईल अशीच ठेवा. खिशात मावणारे वेल्डर 0.1 मिमी पट्टीपुरते ठीक, 0.15 ला माझ्याकडे तरी दमले.

आता खरी गोम पट्टीत आहे. दुकानदार डेमो देतो तो बहुतेक निकेलचा मुलामा दिलेल्या लोखंडी पट्टीवर. लोखंडाचा रोध शुद्ध निकेलपेक्षा जास्त, त्यामुळे तिथं साधं मशीनसुद्धा झकास चिकटवतं. घरी शुद्ध निकेल लावलं की तेच मशीन हात टेकतं. म्हणून 0.15 मिमीची शुद्ध पट्टी स्वतः घेऊन जा आणि तिच्यावर वेल्ड करून दाखवायला सांगा. पट्टीची परीक्षा सोपी: पट्टीवर ओरखडा काढून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा, तांबडा गंज आला की लोखंड. फवारणी पंप कायम ओला, त्यात औषधाचे शिंतोडे. तिथं लोखंडी पट्टी किती टिकणार?

वेल्ड झाल्यावर पक्कडीने पट्टी ओढून बघा. पट्टी फाटून निकेलचे ठिपके सेलवर राहिले तर वेल्ड पक्का. नुसती सुटून आली तर ताकद वाढवा, भोक पडलं तर कमी करा. हा सराव पूर्ण उतरवलेल्या भंगार सेलच्या निगेटिव्ह बाजूवर करा, डोळ्यांवर चष्मा हवाच. पॉझिटिव्ह टोकाला बार्ली पेपरची (करंट अडवणाऱ्या जाड कागदाची) चकती लावल्याशिवाय पट्टी ठेवू नका. सेलचा डबा त्या टोकाच्या काठापर्यंत निगेटिव्हच असतो, वरचं पातळ प्लास्टिक कापलं की शॉर्ट, संपलं.

पंपाला 4.2 व्होल्टपर्यंत चार्ज होणारे तीन सेल सिरीजमध्ये लावणार असाल तर पूर्ण चार्ज 12.6 व्होल्ट. जुना लेड ॲसिडचा चार्जर त्याला जोडू नका, बीएमएस (पॅकचं रक्षण करणारं सर्किट) असला तरी.