पॅपच्या रिपोर्टमध्ये ‘एलएसआयएल’ आलंय, कॅन्सर आहे का?

प्रश्न: वय 23, लग्नाला दीड वर्ष झालं, मूल नाही. दोन-तीन महिने अंगावरून पिवळसर, फेसाळ, वास येणारं जातंय, खाजही आहे. पॅप तपासणीत (गर्भपिशवीच्या तोंडावरच्या पेशींची तपासणी) ‘ट्रायकोमोनास, सूज, एलएसआयएल’ असं आलं. पिशवीच्या तोंडाला जखम आहे, शेकून (म्हणजे तो भाग जाळून) घ्या, असंही सांगितलंय. हा कॅन्सर आहे का? नवऱ्याला काहीच त्रास नाही, मग त्यानं औषध का घ्यायचं?

उत्तर: नाही, हा कॅन्सर नाही. तुमच्या रिपोर्टमध्ये दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र वाचल्या की भीती वाटते.

आधी ट्रायकोमोनास. हा परजीवी संबंधातून पसरतो. पुरुषात तो बहुधा गुपचूप राहतो, म्हणून त्रास नसला तरी नवऱ्याचे उपचार त्याच वेळी व्हायला हवेत. नाहीतर तुम्ही बऱ्या व्हाल आणि महिन्याभरात पुन्हा तेच. तुमच्यासाठी मेट्रोनिडॅझोल दिवसातून दोनदा, सात दिवस. डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. स्त्रियांमध्ये एकदाच घेतलेला 2 ग्रॅमचा डोस कमी पडतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खाज थांबली की गोळ्या बंद करणं, ही नेहमीची चूक. दोघांचा कोर्स संपून त्रास थांबेपर्यंत संबंध टाळा आणि तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासून घ्या.

एलएसआयएल म्हणजे पेशींमधले सौम्य बदल, आणि ते होतात एचपीव्ही विषाणूमुळे. मेट्रोनिडॅझोलचा त्यावर काही परिणाम नाही. पण तुमच्या वयात शरीरच हा विषाणू हटवतं: दहापैकी जवळपास नऊ जणींत दोन वर्षांच्या आत. जिथे तो वर्षानुवर्षं ठाण मांडतो तिथेच धोका, आणि तिथेही कॅन्सर व्हायला साधारण 15 ते 20 वर्षं लागतात. म्हणून पंचविशीच्या आत वर्षाने पुन्हा पॅप करतात. दुसऱ्या वर्षीही बदल दिसले, किंवा मधेच तीव्र बदल आले, तर कॉल्पोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून पिशवीच्या तोंडाची तपासणी. त्यात 3 ते 5 टक्के ॲसेटिक ॲसिड लावतात. संशयाची जागा पांढरी पडते, तिथलाच तुकडा तपासायला घेतात. संबंधांनंतर रक्त जात असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी असेल, तर मात्र वर्षभर थांबू नका.

राहिली ‘जखम’. हा शब्द फार घाबरवतो, आणि बहुतेकदा चुकीचा असतो. तरुणपणी पिशवीच्या तोंडाच्या आतलं नाजूक अस्तर थोडं बाहेर आलेलं असतं. ते एकाच थराचं असल्यानं खालच्या रक्तवाहिन्या लाल दिसतात, इतकंच. नुसता लालपणा म्हणून शेकायची गरज नाही. आणि सौम्य बदलांसाठी पिशवीच्या तोंडाचा भाग कापून काढायचा सल्ला मिळाला, तर दुसरं मत जरूर घ्या. त्यानं पुढच्या गरोदरपणात वेळेआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो.

पुढची पॅप पाळीचे दिवस टाळून करा. आधीचे 48 तास संबंध नकोत, योनीत क्रीम किंवा गोळी नको, आतून धुणंही नको. आतून धुणं तर एरवीही नकोच.