जंक फूड खायची कोणी सक्ती करत नाही, मग कंपन्यांना आणि सरकारला जबाबदार का धरायचं?

तुमचा प्रश्न असा की चिप्स, कोल्ड्रिंक, क्रीमची बिस्किटं कोणी तोंडात कोंबत नाही, ज्याने त्याने स्वतःवर कंट्रोल ठेवावा, यात नियम-कायदे कशाला. माझं तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे, वडिलांपासूनचं, हा सगळा माल मी रोज विकतो, त्यामुळे कोण काय बघून घेतं ते समोरच दिसतं. जबाबदारी खाणाऱ्याची आहे हे मला मान्य आहे. पण ती घ्यायची तर आपण काय खातोय हे आधी कळलं पाहिजे ना, आणि ते सहज कळू नये याची पाकिटावर पुरेपूर काळजी घेतलेली असते.

आमच्याकडे एक आजोबा येतात, शुगरवाले. डॉक्टरांनी मैदा बंद सांगितलाय म्हणून मुद्दाम आट्याचं बिस्कीट मागतात, दोन पैसे जास्त देऊन. पाकिटावर पुढे गव्हाची लोंबी, तपकिरी रंग, मोठ्या अक्षरात आटा आणि फायबर. मागे घटकांची यादी वाचली तर पहिला शब्द रिफाइंड व्हीट फ्लोअर, म्हणजे मैदाच, आणि आटा त्याच्या खाली. यादीत जे वजनाने जास्त ते आधी लिहायचं असा नियम आहे, पण हा नियम किती गिऱ्हाइकांना माहीत असणार? त्यात साखर एकाच नावाने येत नाही, साखर वेगळी, इन्व्हर्ट सिरप वेगळं, लिक्विड ग्लुकोज वेगळं, शिवाय माल्टोडेक्स्ट्रिन, ते साखर म्हणून मोजलं जात नाही पण रक्तातली शुगर साखरेसारखीच वाढवतं. आणि हे सगळं इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात, पाकिटाच्या घडीत. कायद्याने मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत असला की पुरतं, मराठीची सक्ती नाही. आजोबा सातवी शिकलेले, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी अजून कोणती जबाबदारी घ्यायची राहिली होती, सांगा? डॉक्टरांचं ऐकलं, पैसे जास्त मोजले, विचारूनही घेतलं.

आता याच पाकिटावरचा हिरवा ठिपका बघा. तो मात्र सगळ्यांना कळतो. माझ्याकडे सही करता न येणाऱ्या मावश्या येतात, त्या पाकीट उलटं-सुलटं करून ठिपका शोधतात, एरवी नाही पण एकादशीला-श्रावणात तर नक्कीच. मांसाहार करायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न, सरकारने फक्त पाकिटावर ठिपका सक्तीचा केला. त्यावर कोणी म्हटलं नाही की ज्याला शाकाहारी राहायचंय त्याने घटक वाचून स्वतः शोधावं. वीस-पंचवीस वर्षं झाली, ठिपक्यामुळे एखादी कंपनी बुडाल्याचं मी तरी ऐकलं नाही. मग साखर, मीठ, फॅट जास्त असेल तर पुढच्या बाजूला तशीच एक खूण लावा म्हटलं की लगेच वैयक्तिक स्वातंत्र्य कुठून मध्ये येतं हे मला खरंच समजत नाही.

काही गोष्टींत तर खाणाऱ्याने कितीही जबाबदारीने वागायचं ठरवलं तरी उपयोग नसतो. वनस्पती तुपातलं ट्रान्स फॅट घ्या, म्हणजे तेल घट्ट करताना त्यात तयार होणारी चरबी. खारी, टोस्ट, नानकटाई, फरसाण यातून ते पोटात जायचं, चव नाही, वास नाही, रंग नाही, आणि हृदयाला सगळ्यात वाईट. डेन्मार्कने 2003 मध्ये त्यावर मर्यादा आणली. आपल्याकडे तेल-तुपात आधी 10 टक्के, मग 5 टक्के असं करत करत एफएसएसएआयने, म्हणजे खाद्यपदार्थांचे नियम करणाऱ्या केंद्राच्या संस्थेने, ही मर्यादा 2021 ला 3 टक्के आणि जानेवारी 2022 पासून 2 टक्के केली. नियम आला, तेल-तूप कंपन्यांनी बनवायची पद्धत बदलली, खारी अजूनही विकली जाते आणि लोक चहात बुडवून खातात. गिऱ्हाइकाला काहीही करावं लागलं नाही. अंमलबजावणी अजून सुधारायला पाहिजे, छोट्या बेकऱ्यांपर्यंत तपासणी पोचली पाहिजे, पण हे काम कोणत्याही माणसाच्या कंट्रोलने झालं नसतं.

आणि पोरांचं काय? तुमच्या प्रश्नातला "माणूस" मोठा आहे, कमावता आहे. माझ्याकडे पाच रुपयांचं पाकीट घेणारं गिऱ्हाईक सहा वर्षांचं असतं. त्याला ब्रँडचं नाव वाचता येत नाही, ते "तो वाघवाला", "ते लाल" असं बोट दाखवतं. सेल्समन आला की पाकिटांची माळ स्वतः लावून जातो, गल्ल्याच्या पुढे, खाली, बरोबर त्याचा हात पोचेल अशी. ज्या कोल्ड्रिंक कंपनीचा फ्रीज दुकानात आहे त्यांची अट आहे की फ्रीज दर्शनी ठेवायचा आणि आत त्यांचाच माल, त्यामुळे ताकाच्या पिशव्या मी मागच्या घरातल्या फ्रीजमध्ये ठेवतो, कोणी मागितलं तरच आत जाऊन आणतो. उन्हातून आलेल्या माणसाला समोर काय दिसणार आणि तो काय उचलणार? साध्या कोलात 100 मिलीला साडेदहा-अकरा ग्रॅम साखर धरली तर 600 मिलीच्या बाटलीत साठ ग्रॅमच्या वर जाते, आणि जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाला 50 च्या आत, जमल्यास 25, असं सांगते.

बरं, मुलांसाठी नियम नाहीत असंही नाही. शाळेच्या आवारात आणि गेटपासून 50 मीटरच्या आत जास्त साखर-मीठ-फॅटचे पदार्थ विकायचे नाहीत हा एफएसएसएआयचा 2020 चा नियम आहे. पण जास्त म्हणजे नेमकं किती ग्रॅम, हा आकडाच त्यात पक्का नाही, मग इन्स्पेक्टर तपासणार काय? 2022 च्या जाहिरात नियमांत लहान मुलांच्या चॅनेलवर आणि कार्यक्रमांत चिप्स-कोल्ड्रिंकच्या जाहिराती बंद केल्या, चांगलं केलं, पण पोरं क्रिकेट बघतातच की आजोबांच्या मांडीवर बसून, तिथे दर ओव्हरनंतर काय दाखवतात ते तुम्हाला माहिती आहे.

माहिती मिळाली की लोक जबाबदारीने वागतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. एप्रिल 2023 मध्ये सोशल मीडियावर पाकिटांच्या लेबलांबद्दल बोलणाऱ्या रेवंत हिमतसिंगका यांनी बोर्नव्हिटातल्या साखरेवर व्हिडिओ केला. कंपनीची कायदेशीर नोटीस गेली, त्यांनी माफी मागून व्हिडिओ काढला, पण तोपर्यंत तो घराघरात पोचला होता. पुढे कंपनीने साखर कमी केली आणि एप्रिल 2024 मध्ये केंद्राने ऑनलाइन विक्रीच्या साइट्सना सांगितलं की अशी पेयं हेल्थ ड्रिंक या नावाखाली विकू नका. त्या दिवसांत माझ्याकडे आया डबा हातात घेऊन विचारायच्या, दादा यात साखर किती लिहिलीय बघा ना. त्याच आया, तोच डबा. आधी त्या बेजबाबदार होत्या का? त्यांना उंची वाढेल, ताकद येईल एवढंच सांगितलं गेलं होतं.

चिलीने 2016 मध्ये हे मोठ्या प्रमाणावर करून दाखवलं. पाकिटाच्या पुढच्या बाजूला काळा अष्टकोन, त्यात लिहिलेलं साखर जास्त, मीठ जास्त, कॅलरी जास्त. अशा पाकिटांवरून कार्टून काढायला लावले, शाळेत विक्री बंद, मुलांसाठीच्या जाहिराती बंद. पहिल्या दीड वर्षात गोड पेयांची खरेदी जवळजवळ 24 टक्क्यांनी घटली. कोणाच्या हातातून बाटली हिसकावून घेतली नव्हती, ज्याला प्यायची तो पीतच होता.

आपल्याकडे मात्र 2022 मध्ये एफएसएसएआयचा पुढच्या बाजूच्या लेबलचा मसुदा आला तो ताऱ्यांचा, अर्ध्यापासून पाच ताऱ्यांपर्यंत. त्यात गडबड अशी की साखर भरपूर असली तरी थोडे फायबर, सुकामेवा घातला की गुण वाढतात, आणि दोन तारे दिसले तरी माणसाला वाटतं काहीतरी चांगलंच आहे यात. एप्रिल 2025 मध्ये सुप्रीम कोर्टाने तीन महिन्यांत ठरवा म्हणून सांगितलं, जुलैमध्ये पुन्हा तीन महिने वाढवून दिले. नेमकं त्याच जुलैत नागपूरच्या एम्सचं नाव घेऊन बातमी सुटली की समोसा-जिलबीवर सिगारेटसारखा इशारा येणार. सरकारने लगेच खुलासा केला की तसं काही नाही, ऑफिसांत तेल-साखरेची माहिती देणारे फलक लावा एवढाच सल्ला आहे. पण वडापाववर आठवडाभर सगळीकडे भांडणं झाली आणि पाकिटांचा विषय बाजूलाच पडला. वडापाव रोज खाऊ नये, बरोबर आहे, पण तो तळलेला आहे हे डोळ्यांना दिसतं, गाडीवाला त्याला हेल्दी म्हणून विकत नाही.

टॅक्सचंही तसंच उलटसुलट आहे. सप्टेंबर 2025 पासून कोल्ड्रिंकवर 40 टक्के जीएसटी आहे तो योग्यच वाटतो मला, पण त्याच वेळी बिस्किटं, चॉकलेट, नमकीन, नूडल्स 5 टक्क्यांवर आणले. पाच रुपयांची बरीच पाकिटं पाचलाच राहिली, आतला माल वाढला. म्हणजे त्याच पाच रुपयांत पोराच्या पोटात आधीपेक्षा जास्त जातंय.

घरच्यांनी काहीच करायचं नाही असं मी म्हणत नाही. रडणं थांबवायला पाकीट द्यायची सवय आपणच लावतो, आणि ती आपणच मोडायची. पण पहाटे उसाच्या फडात जाणाऱ्या बाईला पोराला सोबत द्यायला पाच रुपयात दुकानात दुसरं काय मिळतं हेही बघा. शेंगदाण्याची चिक्की मी ठेवतो, ती खपतेही, फक्त तिची जाहिरात कोणी करत नाही. धंदा बसेल असं मला बरेच दुकानदार म्हणतात, मला तसं वाटत नाही, आम्ही जे खपतं ते ठेवतो, लोक ताक मागायला लागले तर ताक ठेवू.

पाकिटाच्या पुढच्या बाजूला अशी खूण येईपर्यंत दोनच गोष्टी बघत जा. घटकांच्या यादीतली पहिली तीन नावं, आणि तक्त्यात 100 ग्रॅमला साखर किती तो आकडा, सर्व्हिंगचा नाही, कारण कित्येक पाकिटांवर सर्व्हिंग म्हणजे दोन बिस्किटं असतात. लेबलचा नवीन मसुदा निघाला की एफएसएसएआय लोकांकडून हरकती-सूचना मागवते, तेव्हा तिथे लिहा की तारे नकोत, इशारा हवा, आणि तो मराठीतही हवा. कंपन्या तिथे आपलं म्हणणं पाठवतातच.