आधी क्षमा, मग भरपाई

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावाने सलाम.

तरुण संघाच्या शिबिराचे उरलेले 2,200 रुपये तू वापरलेस. तेव्हापासून प्रभुभोजनाला, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीला, उठत नाहीस, शुक्रवारचे उपवास धरलेस, आणि आता विचारतोस की माझं तारण, म्हणजे पापातून सुटका, राहिलं का. पैसे मात्र अजून परत केलेले नाहीस. पत्रातल्या नेमक्या याच गोष्टीचा मला राग आला.

तू क्रम उलटा लावलास. आधी क्षमा, मग भरपाई. उपाशी राहून, रडून क्षमेची किंमत जमवत बसलास तर ती आयुष्यभर जमणार नाही.

बायबलात मत्तय 18 मध्ये राजाचं कर्ज असलेल्या चाकराचा दाखला आहे, त्यातलं कर्ज एकदा कागदावर मांडून बघ. दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दीनार, आणि एक दीनार ही मजुराची दिवसाची मजुरी. झाले 6 कोटी दिवस. वर्षाला 300 दिवस काम धरलं तरी 2 लाख वर्षं! आणि तो चाकर पाया पडून म्हणतो काय, तर थोडं थांबा, सगळं फेडीन. तूही तेच म्हणतोयस. राजा त्याला हप्ते बांधून देत नाही, कर्जच सोडतो. सोडतो म्हणजे ते कुणीच भरलं नाही असं नव्हे. इब्री 10 वाच. मंदिरातला याजक रोज उभा राहून तीच ती अर्पणं करतो, ख्रिस्त मात्र एकदाच अर्पण करून देवाच्या उजवीकडे बसला. काम संपलं म्हणून बसला. तुझ्या शुक्रवारांनी त्यात कसली भर पडणार आहे?

पुण्यात प्रायश्चित्ताची कल्पना हवेतच आहे म्हण. 1890 मध्ये पंचहौद मिशनमध्ये मिशनऱ्यांकडे हिंदू पुढाऱ्यांनी घेतलेल्या चहावरून केवढा गदारोळ झाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं आणि रानड्यांसारख्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावं लागलं. ते समाजात परत येण्यासाठी होतं. देवाच्या घरात परत येण्यासाठी तू तसलंच काही शोधतोयस. तुझी आई कॅथलिक घरातली, तिलाच विचार. पापनिवेदनात धर्मगुरू प्रायश्चित्त नेमून देतात, पण ते पार पाडायच्या आधी, तिथेच, क्षमादान होतं. तिथेही आधी क्षमाच. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा. आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडायला पुढे आठेक वर्षं गेली, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. एवढ्या विदुषीला वेळ लागला, तर तुझा गोंधळ मी समजू शकतो. पण त्यात मुक्काम करू नकोस.

मंडळीत काही जण म्हणतात, ही शिकवण पोरांना मोकाट सोडते. म्हणोत. प्रेषित पौलालाही हेच ऐकावं लागलं होतं, रोम 6 ची सुरुवातच त्या प्रश्नाने होते. धाकाने सुधारलेली मुलं फक्त लपवायला शिकतात. माझं म्हणणं मी या वयात बदलणार नाही.

आता काय करायचं ते. 'माझ्या सर्व पापांची क्षमा कर' अशी गोळाबेरीज प्रार्थना बंद. 1 योहान 1:9 उघड आणि रक्कम, कुणाचे पैसे, कशासाठी घेतले, सगळं नाव घेऊन सांग. 'अडचण होती म्हणून' हे शेपूट जोडू नकोस. आणि हे एकदाच. उद्या मन पुन्हा खायला लागलं तर नव्याने क्षमा मागायची नाही, मिळालेल्या क्षमेबद्दल आभार मानायचे.

मग भरपाई. लेवीय 6 प्रमाणे मुद्दल आणि वर पाचवा हिस्सा, म्हणजे 2,200 अधिक 440, एकूण 2,640. जकातदार जक्कयाने लोकांकडून अन्यायाने घेतलेलं चौपट परत देऊ केलं, पण प्रभू त्याच्या घरी उतरायला निघाला त्यानंतर. तुझ्यावर पाचव्या हिश्शाची सक्ती नाही, मी असतो तर दिला असता. रविवारी दानाच्या थैलीत गुपचूप टाकायचं मात्र मनातही आणू नकोस. ते दान म्हणून जमा होईल, संघाच्या खात्यातली तूट तशीच राहील आणि संशय भलत्यावर जाईल. खजिनदारांच्या हातात दे, पावती घे. पाळकसाहेबांना सांग. संघाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर साक्ष देत बसू नकोस, चूक जिथवर पोचली तिथवरच कबुली. खजिनदार चिडतील, पुन्हा हिशेब हातात देणार नाहीत. तो त्यांचा हक्क आहे. देवाने क्षमा केली म्हणून विश्वास लगेच परत मिळत नाही.

राहिलं प्रभुभोजन. 1 करिंथ 11 मध्ये पौल चिडलाय तो प्रभुभोजनाला जमल्यावर एक जण उपाशी असताना दुसरा पिऊन मस्त होतो म्हणून. पुढे तो स्वतःची परीक्षा करून मग खायला सांगतो, बाकावर बसून राहायला नाही. तू मत्तय 5:23-24 दाखवशील, की आधी भावाशी समेट कर, मग दान अर्पण कर. बरोबर, म्हणून खजिनदारांची भेट शनिवारीच घे. सगळी रक्कम जमली नसेल तर असेल तेवढी दे आणि उरलेल्या हप्त्यांच्या तारखा लिहून दे. रविवारी रांगेत उभा राहा.

तुझा,
काका