मी बारीक, मग कंबरेत चरबी कुठून आली?

प्रश्न : वय ४६, वजन ५२ किलो, बँकेत काउंटरला बसते. चार वर्षं कंबर दुखतेय, मधे बरं वाटतं की परत सुरू. आता एमआरआयच्या रिपोर्टमध्ये आलंय की मल्टिफिडस मसलमध्ये फॅट झालंय. घरात सगळे हसतात, तुला आणि फॅट? मी भात बंद केलाय. वजन अजून कमी करू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, आधी भात सुरू करा. ही चरबी पोटावरच्या टायरची नाही. मल्टिफिडस म्हणजे मणक्याला दोन्ही बाजूंनी चिकटलेला खोलवरचा स्नायू, मणके जागेवर धरून ठेवायचं काम त्याचं. एमआरआयची फिल्म खिडकीपाशी धरा, आडव्या कापाच्या चित्रांत मणक्याच्या मागे काळपट दिसतो तो स्नायू आणि त्यातल्या पांढऱ्या रेघा म्हणजे चरबी, बहुतेक करून कंबरेच्या अगदी खालच्या भागात जास्त.

कंबरेला इजा झाली की हा स्नायू लगेच अंग काढून घेतो. डुकरांवरच्या एका प्रयोगात डिस्कला, म्हणजे दोन मणक्यांमधल्या गादीला, इजा केल्यावर ३ दिवसांत तो रोडावलेला दिसला. आणि दुखणं थांबलं म्हणून तो आपोआप परत कामाला लागतोच असं नाही, मग हळूहळू तिथे चरबी भरते. वयानेही भरते, बायकांमध्ये जरा जास्तच.

मग चरबीमुळे दुखतं की दुखण्यामुळे चरबी? कोंबडी आधी की अंडं, तसंच आहे हे. डेन्मार्कच्या २००७ च्या अभ्यासात ४० वर्षांच्या ४१२ जणांचे एमआरआय काढले, तर जास्त चरबीवाल्यांत कंबरदुखी जास्त होती, पण १३ वर्षांच्या मुलांत तसं काही दिसलं नाही. आणि चरबी असून अजिबात न दुखणारे लोकही भरपूर असतात, त्यामुळे त्या एका ओळीने घाबरू नका.

या स्नायूला परत कामाला लावायला एक व्यायाम सांगतो : रांगणाऱ्या बाळासारखं हातागुडघ्यांवर या, उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे ताणून पाच आकडे मोजा, मग बाजू बदला, कंबर मधे झुकू द्यायची नाही. पहिल्यांदा फिजिओसमोरच करा. मात्र लघवी-संडासवरचा ताबा गेला, बसायची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना तर व्यायाम वगैरे सोडून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

सहा महिन्यांनी परत एमआरआय काढायचा मोह होईल, पैसे वाचवा, रेघा बहुधा तशाच दिसतील. त्यापेक्षा काउंटरवरून उठताना टेबलाला हात टेकावा लागतो का तेवढं बघा.