गरोदरपणात तळ्यातला मासा खाल्ला, आता काय?

अमेरिकेतल्या मिनेसोटात राहणाऱ्या एका ताईंना चौथा महिना लागला होता. व्हिडिओ कॉलवर आल्या त्या रडतच. "हे दर शनिवारी तळ्यावरून वॉलआय मासा आणतात. दोन महिने तेच खातोय. आता कळलं की त्यात पारा असतो. बाळाला काही झालं असेल का हो?" सांगलीहून सासूबाईंनी मासे कायमचे बंद करायला सांगितलं होतं.

अशा वेळी आधी हिशोब मांडावा. मासा दोन फुटी, आठवड्यातून एकदा, ताईंच्या पानात साधारण 250 ग्रॅम. किलोमागे 0.4 मिलिग्रॅम पारा धरला, तर आठवड्याला 100 मायक्रोग्रॅम पोटात गेला. अमेरिकी पर्यावरण संस्थेची मर्यादा रोज किलो वजनामागे 0.1 मायक्रोग्रॅम आहे. 60 किलोच्या बाईला ती आठवड्याला 42 मायक्रोग्रॅम पडते. म्हणजे दुपटीहून जास्त झालं. पण ही मर्यादा ठरवतानाच सुरक्षेसाठी दहापट अंतर राखलेलं असतं. ती ओलांडली म्हणजे बाळाला इजा झालीच, असं नाही. हे ऐकल्यावर ताई पाणी प्यायल्या.

"पण तळं तर किती स्वच्छ आहे!" यजमान म्हणाले. कोळशाच्या धुरातला पारा पावसाबरोबर तळ्यात उतरतो. तळच्या चिखलातले जिवाणू त्याचं मिथाइल पाऱ्यात, म्हणजे अंगात साठणाऱ्या रूपात, रूपांतर करतात. तो शेवाळातून किड्यांत, किड्यांतून छोट्या माशांत आणि त्यांना खाणाऱ्या वॉलआय, नॉर्दर्न पाइकमध्ये साठत जातो. मासा जितका मोठा आणि म्हातारा, तितका पारा जास्त. तो मांसातच मुरलेला असल्यामुळे कातडी सोला, मीठ-हळद लावून धुवा, कुरकुरीत तळा, जात नाही.

ताईंना रक्तातला एकूण पारा डॉक्टरांकडून तपासून घ्यायला सांगितलं. लघवीची तपासणी इथे उपयोगाची नाही, कारण मिथाइल पारा मुख्यतः शौचावाटे जातो. 'डिटॉक्स'ची औषधं तर गरोदरपणात घ्यायचीच नाहीत. खाणं बदललं की साधारण 50 दिवसांत शरीरातला पारा निम्म्यावर येतो.

सासूबाईंचा सल्ला मात्र मानू नका, हे स्पष्ट सांगितलं. बाळाच्या मेंदूला माशातली ओमेगा-3 चरबी हवी असते. आठवड्याला 225 ते 340 ग्रॅम कमी पाऱ्याचा मासा खावा: सामन, तारली, तिलापिया. भारतीय दुकानातली गोठवलेली सुरमई टाळावी. तीही मोठी शिकारी, आणि तिची अमेरिकी बहीण किंग मॅकरेल गरोदर बायकांसाठी वर्ज्य यादीत आहे.

यजमानांनी मोठा वॉलआय पाण्यात परत सोडावा, छोटे ब्लूगिल मासे आणावेत. राज्याच्या आरोग्य खात्याची तळ्यावार यादी असते, ती आधी बघावी. तळ्याची माहितीच नसेल, तर त्या आठवड्यात 113 ग्रॅमचा एकच वाटा खावा आणि दुसरा कोणताही मासा नको. फ्रीजरच्या पिशवीवर तळं, जात, लांबी लिहून ठेवावी. सोललेले तुकडे सगळे सारखेच दिसतात. बाळंतपणानंतर अंगावर पाजतानाही हाच नियम. थोरली चार वर्षांची आहे, तिच्या ताटात एका वेळी 55 ग्रॅम पुरे.